शिबल्याचे खांब आणि विज्ञानकथेची कसोटी

यवतमाळ जिल्ह्यात वणी आणि पांढरकवडा यांच्या दरम्यान शिबला-पारडीचे शिवार आहे. काही वर्षांपूर्वी तिथे रस्त्याच्या कामासाठी खोदत असताना जमिनीतून दगडी खांब उघडे पडले. एकाला एक खेटून उभे, कडा सरळ, बाजू बहुतेकांना पाच किंवा सहा. कुणा कारागिराने घडवून रचून ठेवावेत असे ते दिसतात, पण त्यांना छिन्नी लागलेली नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. जाड थर निवताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात आणि आतला भाग जसजसा थंड होतो तसतसे ते तडे खाली उतरत जातात. ताण सगळ्या बाजूंनी सारखा असला की तडे षटकोनाचा आकार धरतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. वणीच्या बाजूला या लाव्हाचा पसारा संपत येतो आणि त्याच्या खालचे जुने खडक, कोळशाचे थर उघडे पडतात. पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने या कोपऱ्यात जरूर फिरावे.

याच जातीच्या खांबांपाशी एक जगप्रसिद्ध कादंबरी थोडा वेळ थबकते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याची पृथ्वीच्या मध्याकडे जाणाऱ्या प्रवासाची ही कथा १८६४ साली आली. मराठीत भा. रा. भागवतांनी ती ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ म्हणून आणली. प्रोफेसर लिडेनब्रॉक, त्यांचा पुतण्या अॅक्सेल आणि हान्स नावाचा वाटाड्या आइसलँडच्या एका विझलेल्या ज्वालामुखीकडे निघाले आहेत. पायथ्याशी स्टापी नावाची वस्ती लागते. तिथल्या खाडीचा काठ बेसाल्टच्या खांबांचा आहे. चुलत्याला विवरात उतरायची घाई झालेली असताना व्हर्न अॅक्सेलला त्या खांबांसमोर उभा करतो आणि बेसाल्ट कसा तयार होतो, त्याला इतके नेमके आकार कसे येतात, हे वाचकाला समजावून सांगतो. शिबल्याचे खांब पाहिलेल्या वाचकाला ते पान परके वाटणार नाही.

त्या कादंबरीतले दुसरे एक ठिकाण मला याहून मोलाचे वाटते. प्रवास सुरू होण्याआधी काका-पुतण्यांचा वाद होतो. अॅक्सेल म्हणतो, खाली उतरणे अशक्य आहे. दर सत्तर फुटांना तापमान एका अंशाने वाढते, मग केंद्रापाशी लाखो अंशांची उष्णता असणार आणि सगळे वितळलेले असणार. आक्षेप अगदी रास्त आहे. आजचे भूवैज्ञानिकही उष्णतेबाबत हेच सांगतील, फक्त आकडे बदलतील. खाणीत उतरताना दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ धरली जाते. आपल्या कादंबरीचा पायाच उखडणारा हा मुद्दा व्हर्नने लपवला नाही. त्याने तो आपल्याच नायकाच्या तोंडी घातला, प्रोफेसरांकडून त्यावर त्या काळातल्या शास्त्रज्ञांच्या मतांचा आधार घेऊन उत्तर देववले आणि मगच दोराची गुंडाळी उचलली. परीकथेतला राजपुत्र पाताळात उतरतो तेव्हा तिथे किती उकडेल असे कुणी विचारत नाही. विज्ञानकथेत ते विचारावेच लागते.

विज्ञानकथा म्हणजे काय, या प्रश्नाला जगभरच्या अभ्यासकांनी डझनावारी उत्तरे दिली आहेत. यंत्रमानव, अंतराळयान, परग्रहावरचा पाहुणा ही तिची वरची ओळख झाली. सामान तेच वापरूनही परीकथा लिहिता येते आणि यातले काहीच न वापरता अव्वल विज्ञानकथा लिहिता येते. मला पटलेली कसोटी अशी आहे: लेखक वाचकाकडे एकच सूट मागतो, आजच्या जगात नसलेली एकच गोष्ट मान्य करून घेतो आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत हिशेब चोख ठेवतो. त्या गोष्टीची किंमत कोण मोजतो, तिच्यापायी काय मोडते, कोण मोठे होते, कोण उघडे पडते, हे सगळे जमेला आणि खर्चाला लागले पाहिजे. आणि ती मानलेली गोष्ट कथेतून काढून घेतली तर कथा जागच्या जागी कोसळली पाहिजे. ती काढूनही प्रेमकथा किंवा हेरकथा तशीच उभी राहत असेल, तर विज्ञान तिथे नुसते सजावटीला आहे.

ही सूट किती मोठी असावी, यावरून या साहित्याच्या दोन थोर पूर्वजांमध्येच मतभेद होते. व्हर्नने १८६५ साली माणसांना चंद्राकडे धाडले ते तोफेतून. फ्लोरिडात जमिनीत ओतलेली नऊशे फूट लांबीची तोफ, पोकळ गोळ्यात बसलेले तीन प्रवासी. गोळ्याचे वजन, बारुदाचे प्रमाण, निघण्याची वेळ यांची आकडेमोड त्याने कादंबरीत पानोपानी केली आहे. शंभर वर्षांनी अपोलो मोहिमेतले अंतराळवीर फ्लोरिडातूनच निघाले, तेही तिघेच, आणि परतताना पॅसिफिकमध्ये उतरले, जसे व्हर्नचे प्रवासी त्याच्या पुढच्या भागात उतरतात. हा योगायोग सगळीकडे सांगितला जातो. हिशेबातली चूक तितकी सांगितली जात नाही. नऊशे फुटांच्या नळीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा तर प्रवाशांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या बावीस हजार पटींहून अधिक भार येईल. चिंधड्याही उरणार नाहीत. धक्क्याची अडचण व्हर्नला ठाऊक होती. त्यावर त्याने पाण्याच्या थराच्या गादीची तोड काढली. तोड पुरेशी नाही, पण प्रश्न टाळलेला नाही.

एच. जी. वेल्सने १९०१ साली आपले प्रवासी चंद्रावर पाठवले, तेव्हा आकडेमोडीच्या वाटेला तो गेलाच नाही. गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ नावाचा पदार्थ त्याने कल्पून टाकला आणि चंद्रावर मुंग्यांसारख्या कामवाटपाने जगणारा समाज उभा केला. म्हाताऱ्या व्हर्नला हे रुचले नाही. मी भौतिकशास्त्र वापरतो, हे गृहस्थ वाटेल ते शोध लावतात, तो धातू त्यांनी मला दाखवावा, अशा अर्थाची तक्रार त्याने एका मुलाखतीत केली. वेल्सने १९३४ साली आपल्या कादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. त्यातला त्याचा मुद्दा असा की अद्भुत एकच असावे. कुंपणावरून डुकरे उडू लागली, माणसे अदृश्य झाली, हे सगळे एकाच कथेत घडू लागले की कशाचेच नवल उरत नाही. एक अशक्य गोष्ट माना, बाकी जग आपल्या गल्लीसारखे ओळखीचे ठेवा.

मला दोघेही हवेत, तरी या वादात माझा कौल वेल्सकडे जातो. ‘अदृश्य माणूस’ (१८९७) आठवून पाहा. ग्रिफिन अदृश्य होतो आणि लगेच हिशेब सुरू होतो. कपडे अदृश्य नाहीत, म्हणजे थंडीत उघडे हिंडायचे. खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते. पाऊस आणि धुके त्याच्या अंगाची रेघ दाखवतात, चिखलात पाऊल उठते. सत्ता मिळावी म्हणून केलेला शोध त्याला शेवटी भुकेला, कुडकुडणारा आणि माणसांतून उठलेला जीव करून सोडतो. यातले एकही संकट लेखकाने बाहेरून आणलेले नाही, सगळी त्या एकाच सवलतीतून निघाली आहेत.

या साहित्याच्या आरंभाचा मान बहुतेक अभ्यासक मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ला देतात (१८१८), आणि त्या पुस्तकामागेही ज्वालामुखी आहे. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा फुटला. त्याच्या राखेने आणि वायूंनी सूर्यप्रकाश अडला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. अठरा वर्षांच्या मेरीने भूत बाजूला ठेवून प्रेतांच्या अवयवांतून जीव निर्माण करणारा विद्यार्थी लिहिला. जीव निर्माण केला, आता त्याला वाढवायचे कुणी? निर्माता पळून जातो आणि पुस्तकातल्या सगळ्या हत्या त्या पळण्यातून घडतात.

मराठीत हे वारे लवकर पोचले. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून १९०० च्या सुमारास व्हर्नची चंद्रयात्रा क्रमशः आली. १९१६ च्या सुमारास ‘मासिक मनोरंजन’मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढे रविकिरण मंडळात गाजलेले कवी श्री. बा. रानडे ते हेच. ह्यूगो गर्न्सबॅकचे ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ अशा कथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक अमेरिकेत निघाले एप्रिल १९२६ मध्ये, म्हणजे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. बंगालीत तर जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ सालीच केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमवणारी कथा लिहिली होती. द्रवाच्या पृष्ठताणावर आधारलेली ही कथा एका जागतिक कीर्तीच्या भौतिकशास्त्रज्ञाची होती. १९०५ साली बेगम रुकय्या यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिले. त्यात सूर्याची उष्णता साठवून वापरणाऱ्या स्त्रियांचे राज्य आहे आणि पुरुष जनानखान्यात आहेत. विज्ञानकथा ही पश्चिमेकडून उशिरा आलेली उसनी चीज आहे, असा जो समज आहे तो या तारखांपुढे टिकत नाही.

तरीही परक्या लेखकाला आपली भूमी सापडत नाही, हे खरे. व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत फिलियस फॉग ऑक्टोबर १८७२ मध्ये मुंबईहून आगगाडीने निघतो, खानदेश ओलांडतो आणि बऱ्हाणपूरला थांबतो. आपल्या वऱ्हाडाच्या अगदी उंबरठ्यावरून ही गाडी जाते. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, ते नाव १९०५ साली बदलले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढवल्यानंतर या सगळ्या मुलखाचे लक्ष कापसाकडे लागलेले होते. व्हर्नच्या इंजिनाचा धूर खानदेशात कापसावर पडतो, ते बरोबरच आहे. पण तो कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवरही पडतो! चंद्रापर्यंतचे अंतर अचूक सांगणाऱ्या या माणसाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याच्या पाणबुडीचा कप्तान नेमो मात्र बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, १८५७ च्या लढ्यात उतरलेला आणि इंग्रजांपायी कुटुंब गमावलेला. हे रहस्य व्हर्नने १८७५ साली पूर्ण झालेल्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये उघड केले. भागवतांचा ‘समुद्र सैतान’ वाचून नेमोवर जीव टाकणाऱ्या मराठी पोरांना ते कळते तेव्हा जो आनंद होतो, तो वेगळाच.

भा. रा. भागवतांचे (१९१०–२००१) ऋण मोजता येणार नाही. फास्टर फेणेचा जनक म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण ‘चंद्रावर स्वारी’पासून व्हर्नची एकेक कादंबरी त्यांनी अशा मराठीत आणली की वाचणाऱ्याला भाषांतराची शंकाही येऊ नये. तालुक्याच्या वाचनालयात पाठपुठ्ठा निघालेली जी पुस्तके दिसतात, त्यांत भागवत बहुधा असतातच.

यवतमाळला १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्यानंतर वर्षभरातच मराठी विज्ञानकथेत एक मोठी गोष्ट घडली. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून केंब्रिजहून परतलेले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी. नारळीकरांचे गुरू हॉइल हेही विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची ‘ब्लॅक क्लाउड’ १९५७ साली आली, तिच्यात सूर्याला वेढणारा वायूचा प्रचंड ढग स्वतःच विचार करणारा निघतो.

नारळीकरांचा पहिला संग्रह ‘यक्षांची देणगी’ १९७९ साली आला. मागोमाग ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. पण मला कुणी एकच कथा विचारली तर मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सांगेन. इंग्रजी रूपात ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेली.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धक्क्याने भलत्याच जगात जाऊन पडतात. पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी आहे, पण मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. बाकी देश स्वतंत्र आणि भरभराटीत. मुरलेला संशोधक अशा वेळी काय करील? पंत एशियाटिकच्या ग्रंथालयात जातात, स्वतःच्याच इतिहासग्रंथाचे खंड मागवतात आणि घटना कुठे वेगळी झाली ते पान शोधत बसतात. ते पान पानिपतचे निघते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावाला गोळी लागली आणि मराठ्यांचा धीर खचला, हा आपल्याला माहीत असलेला इतिहास. या जगातल्या पुस्तकात गोळी त्याच्या कानाजवळून निघून जाते. विश्वासराव वाचतो, सैन्य सावरते आणि पुढची अडीचशे वर्षे दुसऱ्याच रुळावर पडतात. तोच प्रसंग सांगणाऱ्या एका बखरीतले पान पंतांच्या खिशात नकळत राहिलेले असते. ते घेऊन ते आपल्या जगात परततात आणि राजेंद्र देशपांडे या शास्त्रज्ञ मित्रापुढे ठेवतात. राजेंद्रला सुरुवातीला ही भ्रमिष्टाची बडबड वाटते. पण पान समोर आहे, छापील आहे, आणि त्यातला एक शब्दप्रयोग सोडला तर ते मूळ बखरीशी जुळते. मग तो पुंजभौतिकीकडे वळतो. अणूतला इलेक्ट्रॉन नेमका कुठे असेल हे निश्चित सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात, आणि प्रत्येक शक्यतेचे एक जग असू शकते.

पानिपतात वेगळे घडले असते तर काय, ही चर्चा महाराष्ट्रात पारावर, कट्ट्यावर अडीचशे वर्षे चालू आहे. नारळीकरांनी ती हळहळ उचलली आणि तिला भौतिकशास्त्राचा कणा दिला. मुख्य म्हणजे पुरावा म्हणून एक फाटके पान दिले. गंगाधरपंत भावनेच्या भरात त्या जगात रमत नाहीत, ते पुरावा शोधतात. इतिहासकाराची शिस्त आणि शास्त्रज्ञाची शिस्त या कथेत हातात हात घालून चालतात. तोफेच्या हिशेबाने व्हर्न आणि एकाच नवलाच्या नियमाने वेल्स, दोघांनाही तिने मान डोलवायला लावली असती.

नारळीकरांबरोबर आणि त्यांच्या पाठोपाठ एक पिढीच उभी राहिली. तिच्यातले बरेच जण प्रयोगशाळेतून किंवा कारखान्यातून आलेले होते. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले बाळ फोंडके, रसायन अभियंता सुबोध जावडेकर, भूशास्त्र शिकलेले निरंजन घाटे. लक्ष्मण लोंढ्यांच्या ‘दुसरा आइन्स्टाईन’ने खूप वाचक मिळवले. शुभदा गोगटे यांनी ‘यंत्रायणी’ लिहिली, यशवंत रांजणकर, अरुण मांडे, माधुरी शानभाग लिहीत राहिले. वऱ्हाडाचा यात ठळक वाटा आहे तो परतवाड्याच्या अरुण साधूंचा. ‘सिंहासन’कार म्हणून गाजलेल्या साधूंनी ‘विप्लवा’ ही विज्ञानकादंबरीही लिहिली, हे त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. फोंडक्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथा निवडून नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ साली ‘इट हॅपन्ड टुमारो’ हा इंग्रजी संग्रह केला. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या सगळ्या प्रवाहाला मुख्य दारातून प्रवेश मिळाला असे मला वाटले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विज्ञानकथा काय नाही, हेही सांगायला हवे, कारण गल्लत तिथेच होते. पुराणातले विमान मनाच्या इच्छेने उडते, त्याला इंधन लागत नाही आणि ते कधी नादुरुस्त होत नाही. ती कल्पना सुंदर आहे, तिचे काव्य खरे आहे. तिला प्राचीन तंत्रज्ञान म्हटले की ती हिशेबाला बांधली जाते आणि तिथे ती हरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातली विमाने तपासली आणि ती उडू शकणार नाहीत, ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा निष्कर्ष काढला. ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळाले तेच हे वर्ष.

नुसती अजब घटना म्हणजेही विज्ञानकथा होत नाही. यवतमाळकरांना २०१८ ची अवनी वाघीण आठवत असेल. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूसाठी तिला जबाबदार धरले गेले. तिला पिंजऱ्याकडे ओढण्यासाठी एका परदेशी अत्तराचाही उपयोग करण्यात आला, कारण मोठी मांजरे त्याच्या कस्तुरीसारख्या गंधाकडे खेचली जातात असे प्राणिसंग्रहालयांतल्या प्रयोगांत दिसले होते. जगभर ही बातमी गेली. ऐकायला ती कल्पितासारखी आहे, पण त्या अत्तराने जग बदलत नाही.

जग बदलले ते कापसाच्या बियाण्याने. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसाच्या पेशीत बसवले आणि झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करू लागले. अळीच्या आतड्यात ते प्रथिन काम करते, माणसाच्या पोटात नाही. वेल्सच्या भाषेत सांगायचे तर ही मागून घेतलेली एक सूट. पुढचा हिशेब निसर्गाने ठेवला. अळ्यांच्या लाखोंच्या संख्येत एखादीला ते प्रथिन बाधत नाही. तिच्या पतंगाला जोडीदारही तसाच मिळाला तर प्रतिकारक्षम वंश वाढतो. तसे होऊ नये म्हणून शेताच्या कडेने साधा कापूस लावायचा, त्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकार पातळ होत राहील. यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी येत असे. अळीला मुद्दाम पोसायचे, तेही पोटाला चिमटा काढून, हे शेतकऱ्याच्या गळी उतरणे अवघड होते. पुड्या बांधावर पडून राहिल्या. पाणी असलेल्यांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी आणि अळीचा संसार चालू. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कापसावर जगते, त्यामुळे दुसऱ्या पिकावर साध्या अळ्या वाढण्याची सोयही नव्हती. २०१७ साली डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसू लागल्या, बोंडे उघडली तर आत कवडी, म्हणजे किडका कापूस. त्याच हंगामात डोक्याएवढ्या वाढलेल्या दाट पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले.

ही घडलेली हकीकत आहे आणि तिच्यात माणसे गेली आहेत, म्हणून तिला कथा म्हणायला जीभ धजत नाही. पण तिची साखळी ज्याने जवळून पाहिली, त्याला जॉन विंडमची ‘डे ऑफ द ट्रिफिड्स’ (१९५१) वाचताना काय वाटेल? तिथे उत्तम तेल देणारी, चालणारी, नांगी मारणारी वनस्पती माणूस फायद्यासाठी शेतांतून वाढवतो. धोका सगळ्यांना माहीत असतो, तेल हवे असते म्हणून तो सोसला जातो, आणि एका रात्रीत बहुतेक माणसे आंधळी झाल्यावर हिशेब फिरतो. जॉन ख्रिस्तोफरची ‘डेथ ऑफ ग्रास’ (१९५६) तर शेतीच्या जिल्ह्यात वाचावी अशीच आहे. एक विषाणू आधी आशियातला भात मारतो. इंग्लंडातली सुखवस्तू माणसे हळहळतात आणि जेवत राहतात. मग तो गव्हाकडे, गवताकडे वळतो. गवत गेले की गुरे गेली, गुरांमागून कायदा, कायद्यामागून शेजारधर्म. अंतराळयान नाही, यंत्रमानव नाही, एका रोगाखेरीज नवे काहीच नाही. शहरी समीक्षकांना ती निराशावादी वाटते. मला वाटते, पीक बुडाल्यावर घरात काय होते ते पाहिलेल्या वाचकाला ती नेमकी वाटेल.

पुसद, आर्णी किंवा घाटंजीच्या एखाद्या मुलाला या वाटेवर आणायचे असेल तर भागवतांच्या व्हर्नपासून सुरुवात करावी आणि ‘यक्षांची देणगी’ त्याच्या हाती द्यावी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ नववी-दहावीत, इतिहासात पानिपत शिकून झाल्यावर. वेल्स आणि मेरी शेली त्यानंतर. वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी आणि लेखकाने सूट कुठे मागितली ते समासात लिहावे. दुसरी सूट गुपचूप कुठे घेतली तेही शोधावे. मोठमोठे लेखक यात सापडतात आणि ते सापडणे हा या वाचनातला मोठा आनंद आहे. शिबल्याला जाणे जमले तर स्टापीचे पान बरोबर न्यावे.

आणि लिहिणाऱ्यांनी गुलाबी बोंडअळी नीट अभ्यासावी. हंगाम सरला की तिची शेवटची पिढी दोन सरक्या आतून एकमेकींना चिकटवते आणि त्यांच्या पोकळीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. गोदामात, जिनिंगच्या ढिगात, बैलाच्या गव्हाणीशेजारच्या पोत्यात. पुढच्या पेऱ्याला पाती लागायच्या सुमारास ती पतंग होऊन बाहेर पडते. परग्रहावरचा प्राणी कल्पून काढायला लेखकाला याहून अधिक काय हवे? तिच्या बाजूने जगाकडे पाहणारी, प्रथिनाचा, पुडीचा आणि फरदडीचा हिशेब तिच्याच वहीत मांडणारी मराठी कथा मला वाचायची आहे.